तीन जागा, पाच मुलं आणि पावसाळ्यातला एक प्रदर्शनीय सामना: प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या एका बास्केटबॉल क्लबची ही हकिकत. क्लबचं आणि पाहुण्या संघाचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत आणि मुलांचा उल्लेख जर्सीच्या नंबराने केला आहे. निवडीच्या कामात आम्ही चार जण होतो: मुख्य प्रशिक्षक, एकेकाळी राज्याच्या संघातून खेळलेल्या आणि आता बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई, क्लबचे खजिनदार आणि शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणारी मी. नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं.

गोव्यात उघड्या कोर्टावर खेळणाऱ्या मुलांचा हंगाम पाऊसच ठरवतो. जून लागला की काँक्रीटवर शेवाळ धरतं, रिंगला गंज चढतो आणि घसरून मनगट मोडण्याच्या भीतीने पालक मुलांना पाठवत नाहीत. २०१४ची लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देश-प्रदेशांची) स्पर्धा आणि २०२३ची ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. नावेली, पेडे, कांपाल इथे आज चांगली बंदिस्त स्टेडियम आहेत. पण तालुक्यातल्या छोट्या क्लबला असल्या हॉलचे तास मिळतात ते मोजकेच, आणि तेही बॅडमिंटन, टेबल टेनिसशी वाटून घ्यावे लागतात. मडकई, शिरोडा, उसगावकडून येणाऱ्या मुलांना शिवाय संध्याकाळच्या परतीच्या बसचा हिशेब असतो. त्यामुळे पावसाळ्यातल्या चार महिन्यांत पूर्ण कोर्टवर पाच विरुद्ध पाच असं दहा मिनिटं अखंड खेळलेलं मूल पाहायला मिळणं हीच दुर्मीळ गोष्ट.

सोळा वर्षांखालच्या मुलांचा संघ पावसाळ्यानंतरच्या स्पर्धांसाठी ठरवायचा होता. संघात बारा जण. त्यातले नऊ नक्की होते, कारण ते दोन वर्षं एकत्र खेळत होते. उरलेल्या तीन जागांसाठी पाच मुलं होती: ७, ९, ११, १४ आणि २३ नंबर. ऑगस्टच्या मध्यावर सुट्टीच्या दिवशी हॉल मिळाला, सिंधुदुर्गातला एक ओळखीचा संघ यायला तयार झाला आणि प्रदर्शनीय सामना ठरला. खजिनदारांच्या मनात होतं की सामना संपल्यावर, पालक आणि देणगीदार हॉलमध्ये असतानाच, बारा नावं जाहीर करून टाकावीत. त्यांचा विचार अगदी साधा होता. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली होती. एकदा चवथीला घरची माणसं मूळ गावी गेली की आठ-दहा दिवस सराव नसतो, आणि त्यानंतर लगेच नावं पाठवायची होती.

अडचण

हा सामना नेमकं काय दाखवणार आणि काय झाकणार, हा प्रश्न प्रशिक्षकांनी बैठकीत पहिल्यांदा काढला. मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो.

पाहुणे आठच खेळाडू घेऊन येणार होते आणि त्यांतले दोघे चौदाचेही नव्हते. सीमेवरच्या पत्रादेवीमार्गे पावसात प्रवास करून, जेवून, लगेच कोर्टवर उतरणार होते. हॉलमध्ये २४ सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच लावणारं घड्याळ) नव्हतं. दोन्ही संघांनी आपसांत ठरवलं होतं की झोन (खेळाडूऐवजी जागा वाटून घेऊन केलेला बचाव) लावायचा नाही, पूर्ण कोर्टवर प्रेस (बॉल पुढे आणणाऱ्याला मागेच गाठून दबाव) करायचा नाही आणि पाच फाउल झाले तरी मुलाला बाहेर बसवायचं नाही. मैत्रीच्या सामन्यात हे सगळं योग्यच आहे, मुलं खेळायला मिळावं म्हणून तर तो असतो. पण निवडीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की दबावाखाली बॉल वर (समोरच्या अर्ध्यात) आणणं, घड्याळ संपत आल्यावर निर्णय घेणं, चार फाउल झाल्यावर अंग सांभाळून बचाव करणं, या तीन गोष्टी त्या दिवशी दिसणारच नव्हत्या. स्पर्धेत तर सामने बहुधा तिथेच सुटतात.

दुसरी गोष्ट वयाची. वयोगटाची कट-ऑफ १ जानेवारी धरली जाते. ११ नंबर जानेवारीतला, १४ नंबर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला. कागदावर दोघे एकाच वयाचे, प्रत्यक्षात दहा महिन्यांचं अंतर. त्यात भर शरीराच्या वाढीची. मुलग्यांमध्ये उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कोणाचा बारा-तेराव्या वर्षी, तर कोणाचा पंधरा-सोळाव्या. ११ नंबरला मिसरूड फुटली होती, खांदे भरले होते. १४ नंबरचे हातपाय लांब, पण पोटरीत जोर नाही. दोघांना एकाच कोर्टवर उभं करून कोण चांगला हे विचारलं, तर बरंचसं उत्तर शरीरच देऊन टाकतं.

तोललेले पर्याय

बैठकीत तीन वाटा समोर आल्या. पहिली खजिनदारांची: सामना पाहा, ठरवा, जाहीर करा. तिची जमेची बाजू स्पष्टता. मुलांना टांगणीला लागायला नको, पालकांचे फोन नकोत.

दुसरी ताईंची. त्यांचं म्हणणं असं की वर्षभराचा सराव आपण पाहिला आहे, एका गमतीच्या सामन्याला महत्त्व देऊच नये, सरावावरून निवडावं. यातही तथ्य होतं. पण सरावात ही पाच मुलं एकमेकांना इतकी ओळखून होती की कोण डावीकडून जाणार हे समोरच्याला आधीच ठाऊक. अनोळखी बचावासमोर काय होतं, ते सरावातून कळत नव्हतं.

प्रशिक्षकांनी तिसरी वाट सुचवली: सामन्याला निवडीचा निकाल न मानता त्यातून प्रत्येक मुलाबद्दल एक-दोन प्रश्न काढायचे आणि चवथीनंतरच्या तीन आठवड्यांच्या सरावात त्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. नावं पाठवायच्या मुदतीत ते बसत होतं, अगदी काठावर.

खजिनदारांना पटवताना त्यांनी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, लास वेगासमधल्या समर लीगचं (नवोदितांना पारखणाऱ्या उन्हाळी सामन्यांचं) उदाहरण दिलं. २०१२मध्ये तिथे सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांना विभागून मिळाला, डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी. लिलार्ड त्याच हंगामात एनबीएचा सर्वोत्तम नवोदित ठरला. सेल्बी त्याच हंगामात संघाबाहेर गेला आणि पुन्हा एनबीएमध्ये दिसला नाही. उलट २०१८मध्ये ट्रे यंग युटामधल्या समर लीगच्या पहिल्या सामन्यात २० शॉट घेऊन ४च टाकू शकला, तीन गुणांच्या ११ प्रयत्नांत फक्त १. दीड वर्षात तो ऑल-स्टार सामन्याच्या सुरुवातीच्या पाचात होता. “तिथे पगारी निरीक्षक बसलेले असतात, तरी एका आठवड्यावरून सांगता येत नाही. आपण चाळीस मिनिटांवरून सांगणार?” असं प्रशिक्षक म्हणाले. खजिनदार थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बरं. पण मग पालकांना आजच सांगा की आज काही जाहीर होणार नाही.”

तसं सांगितलं गेलं. मात्र देणगीदारांनी आणलेली ‘सर्वोत्तम खेळाडू’ची ढाल तशीच राहिली. तिच्याबद्दल कोणी काही ठरवलं नाही.

सामन्याआधी काय लिहून ठेवलं

सामना सुरू होण्याआधी प्रशिक्षकांनी एका पानावर काही प्रश्न लिहून चौघांना दिले. गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल मिळवणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास) यांची नोंद दोन मोठ्या मुली टेबलवर करणारच होत्या, आमचं पान त्यापेक्षा वेगळं होतं. बॉल हातातून गेल्यावर पुढच्या तीन सेकंदांत मुलगा काय करतो? शॉट कोणीतरी घेतला की आधी अंग लावून समोरच्याला अडवतो की बॉलकडे पाहत उभा राहतो? मोकळा साथीदार त्याला दिसतो का? टाइम-आउटमध्ये सांगितलेली गोष्ट पुढच्या दोन-तीन चालींत करून पाहतो का? आणि स्वतःची चूक झाल्यावर चेहरा कुठे जातो: पंचाकडे, साथीदाराकडे की खेळाकडे?

या प्रश्नांचं मोल असं की त्यांतल्या एकालाही उंची लागत नाही. सहा फुटांच्या मुलाला आणि पाच फुटांच्या मुलाला ते सारखेच लागू पडतात.

गॅलरीत कठड्याला फोन बांधून पूर्ण सामन्याचं चित्रीकरण केलं. पालकांची परवानगी आधीच घेतली होती. हे चित्रीकरण नसतं तर पुढचं निम्मं काम झालंच नसतं.

सामना

क्लबने ६८-५१ असा सामना जिंकला. पाहुण्यांची मुलं पहिल्या दोन क्वार्टरमध्ये बरोबरीने लढली, तिसऱ्यात त्यांचे पाय जड झाले. बाहेर धो धो पाऊस होता आणि पत्र्यावरच्या आवाजात प्रशिक्षकांचा आवाज बेंचपर्यंत कसाबसा पोहोचत होता.

पहिल्या पाच मिनिटांत ११ नंबरने दहा गुण केले. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. शेवटी त्याच्या खात्यात २६ गुण, ९ रिबाउंड, १ असिस्ट, ३ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले बॉल), ६ टर्नओव्हर (गमावलेले बॉल) होते. आतून २१ शॉट घेऊन ११ यशस्वी असं लोकांना वाटलं, पण त्यांतले ४ तीन गुणांच्या रेषेबाहेरचे होते आणि चारही चुकले; आतले १७ पैकी ११ पडले. फ्री थ्रो ८ पैकी ४. ढाल त्यालाच मिळाली आणि त्याचे वडील डोळे पुसत आमच्याकडे आले. “सर, झालं ना आता?” प्रशिक्षकांनी त्यांचे हात हातात घेतले आणि सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही. ते ऐकलं त्यांनी, पण ढाल हातात असताना त्यावर विश्वास कसा बसावा?

७ नंबर १९ मिनिटं खेळला. ४ गुण, २ रिबाउंड, ५ असिस्ट, २ स्टील, १ टर्नओव्हर. ४ शॉट, त्यांतले २ यशस्वी. गॅलरीतल्या कोणाच्या लक्षातही राहिला नसेल.

१४ नंबरने १६ मिनिटांत ९ शॉट घेतले, पडले २. गुण चार. दोन सुंदर ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं), दोन्ही फाउलशिवाय.

९ नंबर बचावात चिवट. पाहुण्यांच्या सर्वांत चांगल्या गार्डला (बॉल पुढे आणून चाल रचणाऱ्या खेळाडूला) त्याने दुसऱ्या क्वार्टरमध्ये जवळजवळ बांधून ठेवलं, आक्रमणात मात्र जेमतेम. २३ नंबरला नऊच मिनिटं मिळाली. अदलाबदल ऐनवेळी होत गेली, आणि तो बेंचच्या टोकाला बसला होता.

नोंदींचं वाचन

त्या रात्री कोणी कोणाशी बोलायचं नाही, प्रत्येकाने पाचही मुलांचा क्रम आपापल्या पानावर लिहून पाकिटात घालायचा, असं ठरलं होतं. ही ताईंची सूचना. बँकेत कर्जाच्या प्रकरणांवर आधी बोलणाऱ्या वरिष्ठाच्या मतामागे बाकीचे जातात, हा त्यांचा अनुभव. पाकिटं उघडली तेव्हा ११ नंबर तीन पानांवर पहिला होता. ७ नंबर दोन पानांवर पहिल्या दोघांत आणि दोन पानांवर शेवटचा. सगळे एकत्र बसून बोललो असतो तर हा फरक कधीच वर आला नसता.

मग चित्रीकरण लावलं. ११ नंबरच्या अकरा बास्केटपैकी सात फास्ट ब्रेकवर होते, म्हणजे समोर कोणी नाही, धावत जाऊन लेअप. दोन स्वतःच्याच किंवा साथीदाराच्या चुकलेल्या शॉटवर उडी मारून टाकलेले. पाच विरुद्ध पाच मांडून बसलेल्या बचावासमोर फक्त दोन. सहा वेळा बॉल गमावला, त्यांतल्या चार वेळा चालत परतला. इथे त्याच्यावर अन्याय व्हायला नको. फास्ट ब्रेकवर सात वेळा सर्वांत पुढे असणं म्हणजे सात वेळा सर्वांत आधी धावायला सुरुवात केली. ते शरीराचं नाही, सवयीचं श्रेय आहे. शिवाय उडीनंतर तो दोन्ही पायांवर तोल सांभाळून उतरत होता, बॉल हातात घट्ट धरत होता. पण स्पर्धेत समोरचा संघ परत धावून येतो, आणि मग त्याचे गुण कुठून येणार, हा प्रश्न पानावर आला.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) सामन्यांत वापरला जाणारा कार्यक्षमतेचा हिशेब मी मांडून पाहिला: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक यांची बेरीज आणि त्यातून चुकलेले शॉट, चुकलेले फ्री थ्रो, टर्नओव्हर वजा. ११ नंबरचा आकडा १९ आला, ७ नंबरचा १०. पण ११ नंबर ३१ मिनिटं खेळला होता. मिनिटांनी भागलं तर दोघांत फारसं अंतर उरत नाही. खजिनदारांनी तो कागद दोनदा वाचला.

७ नंबर कोर्टवर असताना क्लब १३ गुणांनी पुढे गेला होता. ताईंना हा आकडा निर्णायक वाटत होता, मला नाही. त्या १९ मिनिटांतली चौदा मिनिटं त्याच्या सोबत नक्की झालेल्या नऊपैकी किमान तिघे होते, आणि बरीचशी तिसऱ्या क्वार्टरमध्ये होती, पाहुणे दमलेले असताना. एका सामन्याचा असा आकडा साथीदारांचा आणि वेळेचा हिशेब जास्त सांगतो. ७ नंबरबद्दल खरं बोलणारं चित्र दुसरंच होतं. टाइम-आउटमध्ये प्रशिक्षकांनी सांगितलं की कोपऱ्यातला बचावपटू बॉलकडे बघतोय, त्याच्या पाठीमागून कट करणाऱ्याला पास दे. पुढच्या दोन चालींत त्याने तेच केलं, दोन बास्केट झाले. तिसऱ्या वेळी बचावपटू सावध झाला, तेव्हा त्याने पास देण्याचा नुसता आविर्भाव केला आणि उलट बाजूला मोकळ्या साथीदाराला बॉल दिला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ही क्लिप आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली.

१४ नंबरच्या नऊ शॉटपैकी सहा मोकळे होते, पाय रेषेत, हात वर टिकलेला. म्हणजे शॉट योग्य, फळ नाही. खजिनदार म्हणाले, “पण बॉल गेला नाही ना आत.” यावर मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा एखादा मुलगा खरोखर शंभरातले चाळीस शॉट टाकतो. अशा मुलाने नऊ शॉट घेतले, तर दोन किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता सुमारे २३ टक्के निघते. म्हणजे चांगल्या नेमबाजाच्याही दर चार-पाच सामन्यांत एक दिवस असा उजाडणारच. १४ नंबर चांगला नेमबाज आहे हे यातून सिद्ध होत नाही. नाही, असंही सिद्ध होत नाही.

२३ नंबरच्या पानावर लिहिण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. नऊ मिनिटांत दोन शॉट, दोन्ही वेळा मोकळा असूनही आधी कचरला. सराव पाहिलेल्या आम्हा चौघांनाही हा मुलगा अनोळखी वाटला.

केलेली कृती

चवथीनंतर तीन आठवडे सरावाची रचना या प्रश्नांभोवती केली. शाळेत भिंतीला टेप लावून आणि स्टुलावर बसवून मुलांची उभी आणि बैठी उंची, वजन घेतलं. २००२मध्ये मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्राने, उंचीवाढीच्या शिखरापासून मूल साधारण किती पुढे वा मागे आहे, याचा अंदाज येतो. अंदाजच, कारण तो वर्षभराने इकडेतिकडे असू शकतो आणि खूप लवकर वा खूप उशिरा वाढणाऱ्या मुलांमध्ये जास्त चुकतो. ११ नंबर शिखर ओलांडून गेलेला दिसला, १४ नंबर अजून अलीकडे. या आकड्यांना निवडीत गुण द्यायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. ते फक्त आमच्या नजरेला आठवण करून देण्यासाठी होते.

११ नंबरसाठी अर्ध्या कोर्टवर चार विरुद्ध चार खेळवलं, फास्ट ब्रेक बंद. पहिल्या दिवशी तो प्रत्येक वेळी उजवीकडून दोन बचावपटूंच्या मधोमध घुसला आणि बॉल गमावून बसला. प्रशिक्षकांनी त्याला एकच गोष्ट दिली: बॉल हातात आला की आधी समोरचा कोपरा बघ, मग काय करायचं ते कर. पहिला आठवडा तो चिडचिडला. तिसऱ्या आठवड्यात दोघं अंगावर आले की तो कोपऱ्यात पास देत होता आणि पास देऊन थांबत नव्हता, रिंगकडे धावत होता. बॉल गमावल्यावरचं चालत परतणं मात्र पुरतं गेलं नाही.

७ नंबरसमोर अर्धरेषा ओलांडण्याआधीच दोन-दोन मुलं सोडली. इथे तो अडखळला. आठ सेकंदांत बॉल पुढच्या अर्ध्यात आणायचा नियम लागू केला की घाईघाईत हवेत पास टाकायचा आणि तो अडवला जायचा. तीन आठवड्यांत सुधारणा झाली, पण थोडीच. शरीर लहान, हात लहान, दोघांच्या डोक्यावरून दिसत नाही. सामन्यात प्रेस नव्हता म्हणून हे झाकलं गेलं होतं.

१४ नंबरचे मोकळे शॉट आम्ही दर सरावाला मोजले. तो चांगला नेमबाज निघाला. पण अंगाला अंग लागलं की ढकलला जायचा, रिंगखाली दोन पावलं मागे.

निर्णय

११ आणि ७ नंबरवर चौघांचं एकमत झालं. ११ नंबरच्या बाबतीत २६ गुणांपेक्षा तीन आठवड्यांत त्याने शिकून दाखवलेली गोष्ट वजनदार ठरली. ७ नंबरला घेताना प्रेसची अडचण नोंदवहीत लिहूनच घेतलं, आणि नक्की झालेल्या गार्डपैकी एकाला बॉल वर आणण्यात जोडीला ठेवायचं ठरलं.

तिसऱ्या जागेवर वाद झाला. ताईंना १४ नंबर हवा होता. त्यांचं म्हणणं, आज तीन मिनिटं खेळला तरी चालेल, पण संघासोबत प्रवास केला, मोठे सामने बेंचवरून पाहिले, तर दोन वर्षांत हाच मुलगा क्लबचा कणा होईल. प्रशिक्षकांना ९ नंबर हवा होता, कारण बचावासाठी ताजा माणूस संघात नव्हता. शेवटी ९ नंबर घेतला आणि १४ नंबरला सगळ्या सरावांना तेरावा म्हणून बोलवायचं ठरलं. त्या हंगामापुरता हा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. पण ताईंचा मुद्दा खोडता आला नाही, फक्त मागे ठेवता आला.

१४ नंबर आणि त्याच्या आईला क्लबमध्ये बोलावून प्रशिक्षकांनी क्लिप दाखवल्या, शॉटचे आकडे दाखवले, काय कमी पडतं आणि का, ते सांगितलं. मुलगा रडला, मग विचारू लागला की पोटरीसाठी कोणते व्यायाम करू. २३ नंबरच्या घरी फोन गेला. दोन मिनिटांचा. वडिलांनी एवढंच विचारलं, “सर, ताका कित्याक घेवंक ना?” (त्याला का घेतलं नाही?) आणि त्याला देण्याजोगं उत्तर आमच्या नोंदींत नव्हतं, कारण नऊ मिनिटांच्या नोंदी असतातच किती.

परिणाम

स्पर्धेत ११ नंबरचे गुण निम्म्याहून कमी झाले आणि तरी तो उपयोगी ठरला. समोरचे संघ परत धावत होते, त्यामुळे फास्ट ब्रेक मिळाले थोडे. पण तो पोस्टवर (रिंगजवळ) बॉल घेऊन कोपऱ्यात देत राहिला. त्याच्या वडिलांना मात्र मुलगा मागे पडल्यासारखं वाटलं. ढाल घरी शोकेसमध्ये होती आणि रोज त्या दिवसाशी तुलना चालू होती, हे मुलाने नंतर प्रशिक्षकांना सांगितलं.

७ नंबर दोन सामने सुरेख खेळला. तिसऱ्यात समोरच्या संघाने पूर्ण कोर्टवर प्रेस लावला आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्या हातून बॉल सलग जात राहिला. जोडीचा गार्ड ठरल्याप्रमाणे पुढे आला म्हणून पडझड थांबली, सामना तरी हरलोच. ९ नंबरने बचावात आपलं काम केलं.

१४ नंबर सगळ्या सरावांना येत राहिला आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याची उंची झपाट्याने वाढली. त्यामुळे शॉटची लय काही काळ बिघडली, जी वाढीच्या त्या काळात बिघडू शकते. हे त्याला आधी सांगून ठेवलं असल्याने तो घाबरला नाही.

२३ नंबर ऑक्टोबरपासून येईनासा झाला. गावच्या मैदानावर फुटबॉल खेळतो, असं कळलं. गोव्यात बास्केटबॉल सोडलेल्या मुलाला फुटबॉल सहज सामावून घेतो, त्यामुळे खेळ सुटला नाही याचं समाधान आहे. पण तो का गेला हे समजण्याइतकंही आम्ही त्याला पाहिलं नव्हतं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही आहे.

पुढे काय वेगळं करता येईल

मिनिटं आधी वाटून ठेवणं ही पहिली गोष्ट. ज्यांचं मूल्यमापन करायचं आहे त्यांना प्रत्येकी किमान सोळा मिनिटं, आणि ती पहिल्या व तिसऱ्या क्वार्टरमध्ये विभागलेली, हे कागदावर लिहून टेबलवरच्या मुलींकडे द्यावं. म्हणजे खेळाच्या ओघात कोणी बेंचच्या टोकाला राहत नाही. साथीदारही फिरते ठेवावेत, नाहीतर नक्की झालेल्या खेळाडूंची पुण्याई नव्याच्या खात्यात जमा होते.

पाहुण्यांशी आधी बोलून एका क्वार्टरपुरता तरी प्रेस आणि हाताने मोजलेलं शॉट क्लॉक ठेवता येतं. मैत्रीला त्याने बाधा येत नाही. ७ नंबरची अडचण मग ऑगस्टमध्येच दिसली असती आणि तयारीला तीन आठवडे जास्त मिळाले असते.

वैयक्तिक ढाल प्रदर्शनीय सामन्यात नसावी. देणगीदारांना नाराज न करता ती पाहुण्या संघाला ‘खेळभावना’ म्हणून देता येते. निवड चालू असताना एका मुलाच्या हातात बक्षीस दिलं की तो निकालच होतो, तोंडाने काहीही सांगितलं तरी. आणि ते ओझं त्या मुलालाच सर्वांत जास्त वाहावं लागतं.

न निवडलेल्या प्रत्येक मुलाशी समोरासमोर, पालकांसह, सारख्याच वेळाचं बोलणं व्हावं. त्यासाठी नोंदी सारख्या हव्यात, म्हणून पुन्हा मिनिटांचा मुद्दा.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. गुणांचा तक्ता मुलांना सामना संपताच दाखवावा की नाही? प्रशिक्षकांच्या मते दाखवावा, कारण भिंतीवरचा स्कोअर मुलं मोजतातच, लपवून काय साधणार. ताईंचं म्हणणं, आधी क्लिप दाखवा, बोला, आणि मग तक्ता द्या. पुढच्या पावसाळ्यात निम्म्या मुलांबाबत एक आणि निम्म्यांबाबत दुसरी पद्धत वापरून बोलण्यात काय फरक पडतो ते बघायचं ठरलं आहे. त्यासाठीचा सामना चवथीच्या किमान तीन आठवडे आधी ठेवायचा आहे. हॉलसाठी अर्ज मे महिन्यातच देऊन ठेवणार आहोत.